लाल डब्याबाहेरचं औषध

बँकेत नोकरी करणाऱ्याला माणसं चेहऱ्यापेक्षा नोंदींवरून जास्त कळतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या शाखेत पासबुक छापायला टाकलं की तेंदूपत्त्याचा बोनस दिसतो, धानाचे चुकारे दिसतात, निराधारांचं अनुदान दिसतं. मधूनच एखाद्या पासबुकात क्षयरुग्णाच्या पोषणासाठी शासनानं टाकलेले पैसे दिसतात. त्या योजनेचं नाव निक्षय पोषण योजना. एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. मी ती ओळ वाचतो आणि समोरच्या माणसाच्या मनगटाकडे बघतो. मनगटावरून वजनाचा अंदाज येतो.

मला क्षय झाला २००७ साली. तेव्हा ही योजना नव्हती. माझ्या पोषणाचा खर्च गावातल्या अंगणवाडीच्या बाईंनी स्वतःच्या घरून केला. त्याची नोंद कुठल्याच खात्यात नाही, म्हणून ती इथे करतो आहे.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात. घरची थोडी धानाची जमीन, तीही बोडीच्या पाण्यावर. बाबा उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर जायचे, माय रोवणी-कापणीला. घरात भात भरपूर असे, त्यामुळे आपण उपाशी आहोत असं आम्हाला कधी वाटलं नाही. भातावर लाखोळीचं पातळ वरण, कधी जवसाची चटणी, पावसाळ्यात बोडीतली मासोळी, रानातल्या सात्या, म्हणजे अळंबी. अंडं पाहुणा आला तर. दूध चहात दिसेल तेवढंच. मी अकरावीत होतो, एसटीनं सिंदेवाहीला जायचो. खोकला दिवाळीच्या आधीपासून होता. रोज संध्याकाळी अंगात कसर भरायची. पँट कमरेला दोरीनं बांधावी लागायला लागली तेव्हा बाबा मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. थुंकीच्या तपासणीत निघालं.

त्या काळी डॉट्स पद्धत होती. आपण सरकारला नावं ठेवतो, पण ज्यानं कुणी तो लाल डबा शोधून काढला त्याला माझा नमस्कार. नव्या रुग्णासाठी सहा महिन्यांच्या सगळ्या गोळ्या एका पुठ्ठ्याच्या डब्यात भरलेल्या असत, आणि डब्यावर रुग्णाचं नाव लिहिलेलं असे. साठा संपला, पुढच्या आठवड्यात या, असं मला कुणी म्हणूच शकत नव्हतं. पहिली गोळी तोंडात टाकायच्या आधीच शेवटची गोळी माझ्या नावावर जमा होती. माझ्या घरात तोवर कुणाच्या नावावर एवढी मोठी वस्तू सरकारनं ठेवली नव्हती. डबा घरी देत नसत. तो गावातल्याच कुणाकडे ठेवायचा आणि त्या माणसासमोर गोळ्या खायच्या. आमच्या गावात तो अंगणवाडीच्या बाईंकडे आला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका वेळी सात गोळ्या. पहिल्या दिवशी मी घरून चहा पिऊन गेलो, बाईंसमोर गोळ्या खाल्ल्या आणि घरी पोचायच्या आत बाभळीखाली सगळं उलटून टाकलं. लघवी लाल झाली तेव्हा माय घाबरली. ते औषधाच्या रंगामुळे होतं, हे तिला पटायला बराच वेळ लागला. गोळ्या गरम पडतात, असं गावात सगळेच म्हणत, आणि त्यात तथ्य होतंच. रिकाम्या पोटी सात गोळ्या कुणाला थंड पडतील?

बुधवारी बाईंनी डबा काढला नाही. आत गेल्या आणि एक उकडलेलं अंडं, मीठ आणि वाटीभर भात घेऊन आल्या. “आदी हे खा, मंग दवाई.” मी म्हटलं, जेवून आलोय. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खाल्लं.

त्यानंतर तो नियमच झाला. अंडी त्यांच्या घरच्या गावठी कोंबड्यांची. कोंबडी खुडूक बसली की बाई आठवडी बाजारातून पांढरी अंडी आणायच्या आणि ती गावठीपेक्षा बेचव आहेत म्हणून माझ्याजवळ दिलगिरी व्यक्त करायच्या. कधी अंड्याऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. कधी मुंगण्याच्या पाल्याची भाजी, तीत मूठभर तुरीची डाळ घातलेली. अंगणवाडीत मुलांची खिचडी रोज शिजायची, पातेलं माझ्या हाताच्या अंतरावर असायचं, पण त्यातला घास बाईंनी मला कधी दिला नाही. ती खिचडी पटावरच्या पोरांची मोजून आलेली होती. माझं नाव त्या पटावर नव्हतं, माझं नाव लाल डब्यावर होतं. त्यामुळे माझं खाणं त्यांच्या घरून यायचं, त्यांच्या पदराखाली झाकलेल्या जर्मनच्या वाटीत. गाव बघू नये म्हणून नव्हे, माशा बसू नयेत म्हणून. क्षय झालेल्या पोराला घरात घेतलं तर गाव काय म्हणेल, याचा त्यांनी विचार केल्याचं मला आठवत नाही. क्षय ताटा-वाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो, हे त्यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भूक आली. ज्यानं क्षयाचा उपचार घेतला नाही त्याला ही भूक सांगणं कठीण आहे. महिनोन् महिने अन्नाकडे बघवत नसतं. मग औषध लागू पडतं, ताप उतरतो, आणि शरीर एकदम मागायला लागतं. रात्री दोनला जाग यायची ती भुकेनं. मी अंधारात चुलीजवळ जाऊन मडक्यातला शिळा भात मिठाशी खायचो. माय सकाळी मडकं बघून काही बोलायची नाही, तिच्या ताटात तेवढा भात कमी व्हायचा. औषध भूक परत आणतं, पण ती भागवायची कुणी, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. पुढे नोकरीत मला असे रुग्ण भेटले की ज्यांनी गोळ्या सोडल्या त्या याच कारणानं. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या सोडल्या, असं आपण त्यांच्याबद्दल बोलतो. त्यातल्या काहींना बरं वाटत नव्हतं, भूक लागत होती.

दोन महिन्यांनी नियम बदलला. आठवड्याची पहिलीच मात्रा बाईंसमोर घ्यायची, बाकीच्या घरी, आणि रिकामी पट्टी परत आणून दाखवायची. म्हणजे सरकारी हिशेबानं मी आता आठवड्यातून एकदाच जायचं होतं. बाईंनी मला तीनही दिवस बोलावलं. अंड्याला सरकारी वेळापत्रक लागू नव्हतं.

एकदा मी अंडं खिशात टाकून घरी न्यायचा बेत केला. माझी धाकटी बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती. बाईंनी ते ओळखलं. म्हणाल्या, “घरी नेशील त चौघांत वाटून खासान. हे तुझं हाये. इथंच खा.” डॉट्सचा सगळा गाभा रुग्णासमोर बसून गोळी गिळलेली बघण्यात होता. बाईंनी तो अंड्यालाही लावला, एवढंच. आणि त्यांचं बरोबर होतं. माझं वजन वाढलं. कार्डावर दर वेळी आकडा लिहिला जायचा, तो वर सरकत गेला, आणि शेवटी थुंकीत जंतू नाहीत असा शिक्का पडला. उपचार पूर्ण करून घेतल्याबद्दल बाईंना शासनाकडून २५० रुपये मानधन मिळालं. सहा महिन्यांच्या कामाचे २५० रुपये. अंड्यांचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला असणार. मी तो हिशेब पुढे अनेकदा मनात मांडला आणि दर वेळी तो बाईंच्या बाजूनं तोट्यात निघाला.

दोन वर्षांनी बहिणीला खोकला लागला. पुन्हा लाल डबा, पुन्हा बाई, पुन्हा वाटी. तीही बरी झाली, आज तिला दोन मुलं आहेत. पण बाईंनी मला समोर बसवून खाऊ घातलं तेव्हा बहीण घरी तेच पातळ वरण ओरपत होती आणि माझ्याच शेजारी झोपत होती. त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दवाखान्यातल्याही नाही.

ते ज्यांच्या डोक्यात आलं, त्यांचं काम मी बऱ्याच उशिरा वाचलं. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ पासून एक मोठा प्रयोग केला. २८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. सगळ्या रुग्णांना औषधाबरोबर महिन्याचा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. निम्म्या गटात मात्र घरातल्या इतर माणसांनाही शिधा दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. सुरुवातीला पाचांतले चार रुग्ण कुपोषित होते. झारखंडचं जंगल आणि आमचं जंगल यांत फार फरक नाही. भात तोच, डाळीचा तुटवडा तोच. मी ते आकडे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर जर्मनची वाटी होती आणि वाटीच्या बाहेर राहिलेली बहीण होती.

मग अन्न उपचारातून गेलं कधी? पूर्वी ते होतं. आपल्याकडे मिरजेचं वानलेस सॅनेटोरियम होतं, पुण्याजवळ औंधचं क्षयरुग्णालय होतं. जुन्या कादंबऱ्यांतला क्षयी नायक हवा खायला जायचा आणि दूध-अंडी खायचा, म्हणजे ज्याची ऐपत असे तो. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. १९३ रुग्ण घेतले, निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, औषधाबरोबर चांगलं खायला दिलं, विश्रांती दिली. निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत, त्यांच्या नेहमीच्या निकृष्ट जेवणावर ठेवून फक्त औषध दिलं. वर्षानं दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. १९५९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर सॅनेटोरियमचं महत्त्व संपलं. घरच्या घरी उपचार शक्य झाले म्हणून तर माझ्यासारख्याला खेड्यात राहून बरं होता आलं. त्या अभ्यासाचाही मी ऋणीच आहे. जंतू मारायला दूध-अंडी लागत नाहीत, हे त्यानं दाखवलं आणि ते खरं आहे. पण कारकुनी डोक्यानं त्यातून वाचलं ते असं, की अन्नाचा खर्च कापता येतो. मी स्वतः कारकुनी करतो, मला ही वाचण्याची पद्धत चांगली ठाऊक आहे.

आजारावर अन्न द्यायला आपल्या आरोग्यव्यवस्थेची तत्त्वतः ना आहे, असंही नाही. तीव्र कुपोषित बाळ पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं की त्याला एफ-७५ आणि मग एफ-१०० नावाचं दूध मोजून देतात. १०० मिलीत ७५ किंवा १०० कॅलरी म्हणून ती नावं. तिथे अन्न हेच औषध, आणि ते डॉक्टर लिहून देतात. राज्य शासनानं २०१५ पासून आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण सुरू केलं. म्हणजे गडचिरोलीच्या टोकाच्या पाड्यातही सरकारला ताट वाढता येतं. जिथे पर्लकोटेला पूर आला की भामरागडशी संपर्क तुटायचा, तिथेही. एवढं करून पाच वर्षांच्या पुढच्या आजारी माणसाचं जेवण मात्र घरगुती मामला ठरतो. त्याला डॉक्टर सांगतात, “खाण्यापिण्याकडे लक्ष द्या.” मलाही सांगितलं होतं. बाबा त्या वेळी खिशातली नाणी चाचपत होते.

श्रीमंत देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये ज्यांना गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही अशा सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर खास पाव मिळत आला. २०१८ च्या शेवटी इंग्लंडमध्ये ती यादी पाव आणि पिठापुरती आखडली. दुकानात मिळतं ना सगळं, मग सरकारनं पाव का पुरवावा, असा तिथला सवाल. तो अगदीच चुकीचा नाही. पण ज्या आजारावर दुसरं औषधच नाही, त्यात पाव हे औषध नाही तर काय आहे? तिथे निदान भांडण पावावरून तरी होतं. आमच्याकडे रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तर फुकट. म्हणजे भात सरकारचा. डाळ, तेल, अंडं ज्याचं त्यानं बघावं. क्षयाला नेमकं तेच लागतं.

२०२२ पासून ‘निक्षय मित्र’ही आले आहेत. कुणी दाता, संस्था, कंपनी रुग्ण दत्तक घेते आणि त्याला दरमहा पौष्टिक अन्नाचं किट देते. मला त्याबद्दल कुरकुर करायचा हक्क नाही, मी स्वतः कुणाच्या तरी दयेवर बरा झालो. तरी मनात एक अडतं. बाईंचं ऋण मला आवडतं. त्यांच्या घरासमोरून जाताना अजूनही चप्पल आपोआप हळू होते. पण माझ्या वाट्याला बाई आल्या हा योगायोग होता. शेजारच्या गावात डबा ज्यांच्याकडे होता त्यांनी नियमानं गोळ्या दिल्या, पाण्याचा पेला दिला, नोंद केली. त्यांचं काम तेवढंच होतं आणि त्यांनी ते चोख केलं. तिथला रुग्ण माझ्याच वयाचा होता. त्याच्या नावाचा डबा होता, माझ्याही नावाचा होता. डब्याबाहेरचं मला मिळालं, त्याला नाही. त्याचं पुढे काय झालं हे मला ठाऊक आहे, आणि ते मी इथे लिहीत नाही.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. माझी आणि त्यांची भेट होते ती बहुतेक या विषयावर भांडायलाच. मी बँकेचा माणूस, मला थेट खात्यात पैसे जाणं बरं वाटतं. मध्ये कुणाचा हात नाही, निकृष्ट पाकिटांची खरेदी नाही, रुग्णानं आपल्या चवीचं घ्यावं. आता तर निदान झाल्या झाल्या ३००० रुपये एकदम देण्याची सोय आहे, पुढचे ३००० उपचाराचे ८४ दिवस झाल्यावर. बाई म्हणतात, “पैसा घराचा होते. अंडं पोराचं असते.” रोवणीच्या दिवसांत ३००० आले तर ते ट्रॅक्टरला जातात, हे मीही बघतो. मी म्हणतो, मग घराचाच शिधा वाढवा, रेशनच्या दुकानात रुग्णाच्या घराला डाळ आणि तेल जास्तीचं द्या, झारखंडात तेच केलं. कार्ड आहे, यंत्र आहे, अंगठा आहे. यावर बाई म्हणतात की डाळ ठीक, पण अंडं कोण देणार, आणि समोर बसून कोण खायला लावणार? इथे आमचं घोडं अडतं.

थेट पैशांतही घोळ आहेत, ते मी कबूल करतो. पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि ते कुठलं हे बहुतेकांना माहीत नसतं. कुणाचं खातं केवायसीअभावी बंद पडलेलं. कुणाच्या अंगठ्याचे ठसे बांबू तोडून तोडून गेलेले. बँक मित्राकडे पैसे काढायला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. आजारी माणसानं ५०० रुपयांसाठी दीडशे खर्च केलेले मी काउंटरच्या या बाजूनं पाहिले आहेत.

गेल्या पावसाळ्यात बाईंचा रविवारी फोन आला. गावातल्या एका पोराला निघालं होतं, गोळ्या सुरू झाल्या होत्या, पैसे आले नव्हते. “बाबू, त्याच्या आधारात बापाचं नाव अन् त्याचं नाव उलटं झालं हाये. तू बँकेत हायेस ना, मंग बघ न थोडं.” ती माझी शाखा नव्हती, जिल्हाही दुसरा. मी ओळखीच्या माणसाला फोन केला, कागद पाठवायला सांगितले, दुरुस्ती होऊन खातं जोडायला पंधरवडा गेला. काम झाल्यावर बाईंना कळवलं. म्हटलं, आता त्याच्या खात्यात पैसे येतील, तोवर जरा कळ काढायला सांगा.

“कळ कायले काढन तो?” बाई म्हणाल्या. “तो रोज येते माझ्याकडं. फक्त अंडं आता सात रुपयाले झालं न, बाबू. अन् माझ्या कोंबड्या मुंगसानं नेल्या. तू पुढच्या टायमाले येशील त चार पिल्लं घेऊन ये.”